नुकरी घोडीच्या पायावर आणि डोळ्याच्या कोपऱ्यात न भरणारी जखम, पाठीवर गाठी. लंपी तर नाही ना?

बार्शीकर_वरात

नमस्कार मंडळी. आमचा वरातीच्या घोड्यांचा धंदा आहे, वडिलांपासूनचा. दोन घोड्या आणि एक घोडा. विचारतोय ते थोरल्या घोडीबद्दल. नुकरी आहे, पांढरीशुभ्र, कातडी गुलाबी, वय नऊच्या आसपास. सारंगखेड्याच्या बाजारातून आणली तेव्हा अंगावर एक डाग नव्हता.

आषाढात तिच्या मागच्या उजव्या पायाला, खुराच्या वरच्या सांध्यापाशी, कुंपणाची तार लागली. फार नव्हतं, खरचटल्यासारखं. हळद-तेल लावलं आणि सोडून दिलं. घोड्याला असं लागतच असतं. पण ही जखम भरलीच नाही. उलट आतून मांस वर आलं. आता दसरा झाला तरी तशीच आहे, पाच रुपयांच्या नाण्याच्या दुप्पट झाली, लाल, ओली, जरा धक्का लागला की रक्त. धुताना त्यातून पिवळे टणक कण निघतात, ज्वारीच्या कण्यांसारखे. घोडीला प्रचंड खाज आहे. दातांनी पट्टी ओढून काढते, दुसऱ्या पायावर घासते.

श्रावणात डाव्या डोळ्याच्या आतल्या कोपऱ्यात तसलंच काहीतरी सुरू झालं. आधी नुसतं पाणी गळायचं, मग लाल मांस दिसायला लागलं. माशा तिथून हलत नाहीत.

तिसरी गोष्ट पाठीवर. खोगिराच्या जागी चार-पाच गाठी आहेत, सुपारीएवढ्या. टणक. वरचे केस शाबूत, दाबलं तरी घोडी अंग काढत नाही. या केव्हा आल्या ते नक्की सांगता येणार नाही. खरारा करताना हाताला लागल्या.

आता सल्ले ऐका. शेजारी म्हणतो लंपी आहे, २०२२ ला त्याच्या दोन गाई गेल्या त्यामुळे त्याला सगळीकडे लंपीच दिसतो. चुलते म्हणतात विळा तापवून डाग द्या, एका डागात बसेल. मेडिकलवाल्याने डोळ्यात घालायला मलमाची ट्यूब दिलीय, अजून घातली नाही. आणि बाजारातल्या एका व्यापाऱ्याने जे सांगितलं त्याने झोप उडालीय. म्हणाला, गाठी आणि जखमा एकत्र म्हणजे ग्लँडर्स, सरकारी डॉक्टरला कळवलंस तर घोडी गेलीच समज, गपचूप विकून टाक.

विकणार नाही, ते सोडा. पण तुळशीचं लग्न झालं की हंगाम सुरू. पाठ झुलीखाली झाकेल, डोळा कसा झाकणार? फोटो टाकलेत. हे काय आहे?

माथेरानचा_गडी

दादा, फोटो बघितला. पायाचं आहे ती बरसाती. आमच्याकडे दरवर्षी एखाददुसऱ्या घोड्याला होते. पावसाळ्यात घोडी खाली नेरळच्या बाजूला उतरवतो तेव्हा तिथे गाई-म्हशींचे गोठे, उकिरडे, माशाच माशा. जखम ओली राहिली की झालंच. थंडी पडली की आपोआप सुकते, पुढच्या पावसात त्याच जागी परत उठते.

आम्ही मोरचूद लावतो. चिमूटभर मोरचूद खोबरेल तेलात खलून. झोंबतं, पण मांस खाली बसतं. डोळ्याजवळ मात्र चुकूनही लावू नका.

पाठीच्या गाठींचं मला सांगता येणार नाही. आमच्या घोड्यांना खोगिराने साल जाते, गाठ नाही.

पुणे_कॅन्टर

माथेरानच्या दादांशी बऱ्यापैकी सहमत, पण एक धोका सांगतो. माझ्याकडे रेसमधून निवृत्त झालेला थरोब्रेड आहे. त्याच्या मांडीच्या आतल्या बाजूला अशीच मांसल जखम होती. सगळे म्हणाले जास्तीचं मांस आहे, कापून टाका. एका डॉक्टरांनी कापलं. काही महिन्यांत तिप्पट मोठं होऊन आलं. नंतर तपासणीत सारकॉइड निघालं. ही घोड्यांच्या कातडीची सर्वांत जास्त आढळणारी गाठ आहे, आणि तिच्यामागे गाईंच्या चामखिळीचा विषाणू असतो, बोवाइन पॅपिलोमा व्हायरस. अर्धवट कापली की चवताळते.

तुमच्याकडे गाई आहेत का? त्यांना चामखिळी आहेत का? म्हणून म्हणतो, कुणी सुरी घेऊन आला तर आधी विचारा, हे सारकॉइड नाही हे कशावरून.

निवृत्त_पशुवैद्य_वाई

बार्शीकर, तुमचं वर्णन चांगलं आहे. तीस वर्षांच्या नोकरीत इतकी नेमकी हकीकत सांगणारे मालक हाताच्या बोटांवर मोजण्याइतके भेटले. बहुतेक जण "साहेब, गाठ आहे" म्हणायचे आणि मी साडीत आहे हेही त्यांच्या लक्षात यायचं नाही.

लंपी डोक्यातून काढून टाका. तो गाई-म्हशींचा रोग आहे, घोड्याला होत नाही.

आता ग्लँडर्स. हा विषय मी आधी घेते, कारण बाकी काहीही निघालं तरी नुकसान घोडीचं आहे, ग्लँडर्स निघाला तर तुमच्या घरातल्या माणसांचं आहे. तो जिवाणूचा रोग, माणसाला होतो आणि जीव घेतो. २००६ साली पुणे आणि पाचगणी भागात तो निघाला तेव्हा मी नोकरीत होते, त्यामुळे माझ्यापुढे त्याची थट्टा कुणी केलेली मला खपत नाही. त्याची कातडीवरची खूण अशी: बहुधा मागच्या पायाच्या आतल्या बाजूने एका रेषेत, दोरीला गाठी मारत जावं तशा गाठी वर चढतात. मधली दोरीही हाताला जाड लागते. त्या गाठी फुटतात, मधासारखा चिकट तेलकट पू येतो, नाकात जखम झाली आणि भरली तर तिथे चांदणीच्या आकाराचा वण राहतो. सोबत ताप, घोडी वाळत जाणं, नाकातून, कधी एकाच नाकपुडीतून, पिवळा-हिरवा चिकट स्राव, जबड्याखालची गाठ टणक. गाढव आणि खेचर यात झपाट्याने मरतात, घोडा मात्र महिनोन्महिने रोग बाळगून चालता-फिरता राहू शकतो. म्हणून बाजारात हा रोग पसरतो.

तुमच्या फोटोत ती रेषा नाही. पायाची जखम तारेच्या जागीच आहे, पाठीच्या गाठी फुटलेल्या नाहीत, नाकाबद्दल तुम्ही काही लिहिलं नाही. मला ग्लँडर्स वाटत नाही. पण मी फोटोवरून बोलतेय, आणि तुमची घोडी महिन्याला कितीतरी लग्नांत शेकडो माणसांमध्ये उभी राहते, नवरदेव तिच्या मानेला मिठी मारून फोटो काढतात. तेव्हा रक्त तपासून घ्या. तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात सांगितलं की ते रक्तजल घेऊन हिसारच्या राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्राच्या तपासणीसाठी पाठवण्याची व्यवस्था करतात. अहवाल येईपर्यंत घोडी वेगळी बांधा, तिचा तोबरा आणि पाण्याची बादली वेगळी, जखम धुताना हातमोजे. त्या व्यापाऱ्याने अर्धं खरं सांगितलं. २००९ च्या कायद्याप्रमाणे ग्लँडर्स कळवणं बंधनकारक आहे, आणि पक्का ठरला तर त्यावर उपचार करत नाहीत, जनावर शांतपणे मारावं लागतं, सरकार भरपाई देतं. पण उरलेलं अर्धं त्याने सांगितलं नाही: असं जनावर गपचूप विकणारा पुढच्या घरातल्या पोरांचा जीव विकतो.

आता तुमच्या घोडीला काय असावं. मला इथे एक नाही, तीन वेगळ्या गोष्टी दिसतात. लोक एका जनावरावर तीन ठिकाणी काही दिसलं की एकच रोग शोधत बसतात. गाठीचा रंग-आकार बघून माझ्या वयाचे डॉक्टरही फसतात. गाठ कुठे आली, कुठल्या महिन्यात आली, खाजते की नाही, केस आहेत की गेले, दाबल्यावर घोडा काय करतो, यावरून निम्मं कळतं.

पाय: जुनी जखम, पावसाळा, भयंकर खाज, पिवळे कण. माथेरानचे गडी म्हणतात ते बरोबर, बरसाती. हॅब्रोनेमा नावाचे जंत घोड्याच्या जठरात राहतात, तिथे फारसा त्रास देत नाहीत. त्यांची पिल्लं लिदीतून बाहेर पडतात. लिदीत माशीच्या अळ्या वाढत असतात, त्यांच्या पोटात ती जातात, आणि माशी उडायला लागते तेव्हा तिच्यासोबत उडतात. घरमाशी आणि ती चावरी तबेल्यातली माशी, दोन्ही. माशी घोड्याच्या ओठांवर बसली तर पिल्लू उतरून तोंडात जातं, जठरात पोचतं, चक्र पुरं. पण माशी जखमेवर किंवा डोळ्याच्या ओल्या कोपऱ्यात बसली तर पिल्लू चुकीच्या घरात शिरतं. तिथे त्याला मोठं होता येत नाही. ते मांसात फिरत राहतं आणि घोडीचं अंग त्याच्यावर तुटून पडतं. ते वर आलेलं लाल मांस म्हणजे ही मारामारी. मेलेल्या पिल्लांभोवती चुन्याचे थर बसून तुमच्या त्या कण्या होतात. थंडीत माशा कमी, म्हणून जखम सुकते.

यावर मोरचूद कशाला? गडी, राग मानू नका. मोरचूद वरचं मांस जाळतो, चांगलं-वाईट बघत नाही, आणि आतली पिल्लं तशीच. मांस खाली बसलेलं दिसतं ते बऱ्याचदा थंडीचं श्रेय असतं. डाग देणं तर सोडूनच द्या. भाजलेली जखम म्हणजे माशांना नवं आमंत्रण. गाडीचं काळं तेल लावतात तेही तसंच.

उपचार आयव्हरमेक्टिन या जंतनाशकाचा. घोड्यांसाठीची तोंडातून द्यायची पेस्ट मिळते. मात्रा किलोला २०० मायक्रोग्रॅम, म्हणजे ३०० किलोच्या घोडीला ६० मिलिग्रॅम, आणि तीन-चार आठवड्यांनी पुन्हा एकदा. गाई-म्हशींचं इंजेक्शन घोड्याला टोचू नका, घोड्यांना त्याने वाईट गळवं झालेली आहेत. वजन कसं काढायचं: पुढच्या पायांच्या मागून छातीचा घेर सेंटिमीटरमध्ये मोजा, मग खांद्याच्या टोकापासून ढुंगणाच्या हाडापर्यंत लांबी. घेर गुणिले घेर गुणिले लांबी, भागिले ११,८७७. घेर १६० आणि लांबी १४० असेल तर ३०२ किलो येतं. पेस्टने पिल्लं मरतात तेव्हा सूज काही दिवस वाढू शकते, घाबरू नका. खाज फारच असेल तर डॉक्टर स्टिरॉइड देतात, पण ते डॉक्टरांनीच ठरवायचं, काही घोड्यांना त्याने खुरांत दाह होतो आणि मग बरसाती परवडली म्हणायची वेळ येते.

आणि लीद. रोज उचला, दोन वेळा. उन्हात माशी अंड्यापासून उडण्यापर्यंत आठवडा-दहा दिवसांत तयार होते, त्यामुळे आठवड्याने एकदा तबेला झाडणं म्हणजे माशा पाळणं. ढीग तबेल्यापासून लांब, वर प्लास्टिकचा कागद घट्ट दाबून. बाकी दोन्ही जनावरांनाही पेस्ट द्या. नाहीतर ही बरी होईल आणि शेजारचा घोडा तिला परत पिल्लं पुरवेल.

पायाबद्दल एक शंका राहते. तुमची घोडी पावसात डबक्यात किंवा ओढ्यात उभी राहायची का? साठलेल्या पाण्यात पायथियम नावाचा बुरशीसारखा जीव असतो. त्याची जखम बरसातीसारखीच दिसते, पण महिने नाही, आठवड्यांत पसरते, त्यातून तार सुटते असा चिकट स्राव येतो, आणि त्यातले कंकर मोठे, वेडेवाकडे, फांद्या फुटल्यासारखे असतात. तो असेल तर मी वर लिहिलेलं सगळं फुकट. लवकर आणि खोलवर कापणं हाच मुख्य उपाय, उशीर झाला तर पाय वाचत नाही. तुमच्या कण्या बारीक आहेत आणि जखम तीन महिन्यांत फार पसरली नाही, म्हणून मी बरसातीकडे झुकते.

डोळा. इथे मला काळजी आहे. बरसाती डोळ्याच्या कोपऱ्यात होते, अगदी याच जागी, आणि दोन्ही एकाच पावसाळ्यात सुरू झालं, म्हणून तीच असण्याची शक्यता जास्त. पण ही नुकरी आहे. पापणीभोवती आणि तिसऱ्या पापणीवर गुलाबी कातडी, रंगद्रव्य नाही, वर्षानुवर्षं सोलापूर जिल्ह्याचं ऊन. अशा घोड्यांना याच जागी कातडीचा कर्करोग होतो, स्क्वॅमस सेल. सुरुवातीला तोही लाल, ओला, माशा बसणारा. पेस्टनंतर पाय सुकला आणि डोळा नाही सुकला, तर थांबायचं नाही, तुकडा काढून तपासायचा. तोवर माशांची जाळी बांधा. आणि मेडिकलवाल्याची ट्यूब बघा, त्यात डेक्सामेथासोन किंवा दुसरं कुठलं स्टिरॉइड असेल तर हात लावू नका. कण खुपून बुबुळावर ओरखडा गेला असेल आणि त्यावर स्टिरॉइड पडलं तर डोळा विरघळतो, अक्षरशः. डॉक्टर आधी फ्लुरेसीनचा नारिंगी थेंब टाकतात, ओरखडा असला तर तो हिरवा चमकतो. दोन मिनिटांचं काम.

पाठीच्या गाठी तुमच्या यादीतलं सर्वांत किरकोळ प्रकरण. टणक, न दुखणाऱ्या, न खाजणाऱ्या, केस शाबूत, खोगिराच्या जागी: बहुधा इओसिनोफिलिक ग्रॅन्युलोमा, म्हणजे कातडीतल्या सुजेच्या गाठी, कर्करोग नव्हे. कीटक चावल्याने किंवा खोगिराच्या दाबाने होतात असं मानतात. नवरदेवाच्या वजनाखाली दुखायला लागल्या तर डॉक्टर गाठीत स्टिरॉइड टोचतात. तोवर खोगिराखालची गादी बदला, तंग किती आवळता ते बघा. चार-पाच तासांची वरात असते, बँडच्या आवाजात घोडी एका जागी नाचते, दाब त्याच जागी पडत राहतो.

सारकॉइडबद्दल पुणेकरांचा इशारा योग्य आहे. जखमेच्या जागी सारकॉइड उठतं आणि बरसातीसारखं दिसतं. पण ते सहसा एवढं खाजत नाही आणि त्यात कण्या नसतात.

धनुर्वाताची लस केव्हा दिली होती? तारेची जखम म्हणालात. घोड्याइतका धनुर्वाताला बळी पडणारा प्राणी दुसरा नाही.

सब्जा_नाशिक

मॅडम, मध्येच विचारतो. माझा घोडा सब्जा, आता पांढराच दिसतो, सतरा वर्षांचा. शेपटीच्या खाली, गुदद्वाराभोवती काळ्या टणक गाठी आहेत. काही त्रास नाही. ही पण बरसाती का?

निवृत्त_पशुवैद्य_वाई

नाही. तुमचा घोडा जन्मला तेव्हा काळा किंवा तपकिरी असणार, वयाने पांढरा झाला, आणि केस बाजूला केलेत तर कातडी काळी दिसेल. नुकऱ्याचं उलट. सब्ज्या घोड्यांना मेलॅनोमा, म्हणजे कातडीला काळा रंग देणाऱ्या पेशींच्या गाठी, होतात, पंधराच्या पुढच्या दहातल्या आठ घोड्यांना तरी, आणि जागा हीच, शेपटीखाली. बहुतेक वर्षानुवर्षं हळू वाढतात. लीद करायला त्रास, फुटणं, किंवा अचानक वाढ दिसली तर दाखवा. दर सहा महिन्यांनी मोबाइलवर एकाच अंतरावरून फोटो काढून ठेवा, वाढ डोळ्याला कळत नाही, फोटोत कळते.

माथेरानचा_गडी

मॅडम, राग कसला. पण एक सांगा, मोरचूद बंद केला तर ती पेस्ट गरिबाला परवडते का? आमच्यात काही जणांकडे एकच घोडा आहे आणि पावसाळ्यात धंदा बंद.

निवृत्त_पशुवैद्य_वाई

रास्त प्रश्न. चार-पाच मालकांनी एकत्र येऊन घ्या. पेस्टच्या नळीवर वजनाच्या खुणा असतात, एक नळी मोठ्या विदेशी घोड्याच्या वजनाची असते, तुमची माथेरानची तट्टं लहान, एकीत बऱ्याचदा दोन होतात. मात्र नळीचं तोंड प्रत्येक घोड्यानंतर पुसा. आणि लीद उचलायला पैसे लागत नाहीत. खाली उतरवता तिथे गोठ्याच्या उकिरड्यापासून लांब बांधा, उघड्या जखमेवर पट्टी ठेवा, निम्मं काम तिथेच होतं.

बार्शीकर_वरात

सगळ्यांचे आभार. उशिरा लिहितोय कारण अहवालाची वाट बघत होतो. सरकारी डॉक्टर घरी आले, रक्त नेलं. चुलते दारातच उभे होते, हे लोक घोडी नेणार म्हणून. ग्लँडर्स नाही. अहवाल दाखवल्यावर चुलत्यांनी पेढे आणले, आणि ज्याने गपचूप विकायला सांगितलं त्या व्यापाऱ्याला फोन करून काय काय बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही.

पेस्ट तिन्ही जनावरांना दिली. सूत्राने घोडीचं वजन ३४० आलं, आम्ही अंदाजाने २५० धरलं असतं. लस राहिली होती, ती दिली. मॅडम, डबक्याचं विचारलं होतं, ओढा आमच्यापासून लांब आहे, घोडी पाण्यात उभी राहत नाही.

पाय सुकायला लागला. खाज पहिल्याच आठवड्यात कमी झाली, पट्टी ओढणं बंद. मांस खाली बसतंय, कडेने नवी कातडी येतेय, तिथे केस पांढरेच असल्याने वण दिसणारही नाही.

डोळा मात्र अर्धाच बसलाय. पाणी कमी झालं, कोपऱ्यातले बारीक कण गेले, पण तिसऱ्या पापणीवर एक उंचवटा तसाच आहे. डॉक्टरांनी थेंब टाकून बघितलं, बुबुळावर ओरखडा नाही. मेडिकलच्या ट्यूबवर डेक्सामेथासोन लिहिलेलं होतं, ती उकिरड्यात गेली. डॉक्टर म्हणतात शिरवळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात नेऊन तुकडा तपासू. गाडी ठरवलीय. तुळशीच्या लग्नानंतरच्या तारखा धाकट्या घोडीवर टाकल्या, एका पार्टीने नुकरीच हवी म्हणून आगाऊ परत घेतली. घेऊ दे.

विचारायचं एवढंच, शिरवळला नेताना काय काय सोबत न्यावं?

निवृत्त_पशुवैद्य_वाई

रक्ताचा अहवाल. पेस्ट कधी आणि किती दिली ते लिहून. आषाढापासूनचे सगळे फोटो तारखांसह, नुसत्या मोबाइलमध्ये नको, छापून, तिथे नेटवर्कची खात्री नाही. तुकडा घेतला की पॅथॉलॉजीसाठी फॉर्मेलिनमध्ये जातो, त्यावर "नुकरी, गुलाबी पापणी, तिसरी पापणी, आयव्हरमेक्टिननंतर अर्धवट प्रतिसाद" एवढं लिहायला सांगा, बघणाऱ्याला फार उपयोग होतो. उंचवटा लहान असतानाच आलात. कर्करोग निघाला तरी तिसरी पापणी काढून बऱ्याच घोड्या पुढे वर्षानुवर्षं कामावर राहतात, तेव्हा आत्ताच तिचं काही ठरवू नका.

गाडीत तिचं तोंड वाऱ्याच्या बाजूला नको. डोळ्याला जाळी बांधूनच न्या.

माथेरानचा_गडी

मॅडम, ते वजनाचं सूत्र शिंगरालाही चालतं का? आमच्या एकीला फाल्गुनात झालंय, त्यालाही जंताचं द्यायचं आहे.

निवृत्त_पशुवैद्य_वाई

नाही चालत. शिंगराच्या अंगाची ठेवण वेगळी, भागायचा आकडाही वेगळा. त्याला काट्यावर घाला. नाहीतर तुम्ही शिंगराला उचलून धान्याच्या काट्यावर उभे राहा आणि तुमचं वजन वजा करा, पण फाल्गुनातलं म्हणजे आता ते उचललं जाणार नाही. डॉक्टरांनाच बोलवा.